रोजच्या वापराला कोणती ब्रा घ्यावी? टी-शर्ट, फुल कव्हरेज, मिनिमायझर... डोकं फिरून गेलं

मनीषनगरवाली
मैत्रिणींनो, लाज बाजूला ठेवून विचारून राहिली. घरी आईला विचारलं तर म्हणते आतून कोण पाहते, जे मिळन ते घाल. मैत्रिणी म्हणतात ऑनलाइन मागव, नाही बसली तर परत कर.

वय ३९, एक मुलगा आहे, शाळेत शिकवते. सोमवारी साडी कम्पल्सरी, बाकी दिवस ड्रेस नाहीतर कुर्ता. रोज नागपुरात मनीषनगर ते सदर ॲक्टिव्हानं जाणं-येणं. कॉलेजपासून ३६ बी घालत आली, तीच साधी कॉटनची, मधून शिवण असलेली. आता त्रास असा की ऑफव्हाइट कुर्त्यातून ती शिवण चक्क दिसते, मागची पट्टी दुपारपर्यंत पाठीवर चढून जाते आणि संध्याकाळी खांद्यावर लाल वळ. म्हणून शनिवारी बर्डीच्या बाजारात गेली. काउंटरवरच्या दादानं धडाधड डबे उघडले, ही टी-शर्ट ब्रा, ही फुल कव्हरेज, ही मिनिमायझर, ही बाल्कनेट, ही बिना वायरची. ट्रायल नाही म्हणे. आणि माझ्याकडं एक नजर टाकून म्हणतो, मॅडम तुम्हाला ३८ लागेल. चार लोक उभे बाजूला. काहीच न घेता घरी आली मी.

पॅडवाली घ्यायची भीती वाटते कारण मे महिन्यात शाळेचं काम असलं की ४५ डिग्रीत गाडीवर जावं लागते, आताच खाली घामोळ्या येऊन राहिल्या. तर नेमकी कोणती घेऊ? आणि सगळ्या वेगवेगळ्या घ्याव्या लागतात का? बजेट असं काही फार नाही.

जरीपटका_जंक्शन
टी-शर्ट ब्रा घे स्किन कलरची, दोन पीस. विषय संपला.

बर्डी_काउंटर
विषय संपत नाही ना बाप्पा, तिथूनच सुरू होते.

ताई, मी बर्डीवर होजिअरीच्या दुकानात काउंटरला काम केलेलं आहे, आता सोडलं. स्टाइल मागून पाहू, आधी तुझी साइज पाह्य. लग्नाच्या वेळचा आकडा कितीतरी बायका चाळिशीतही मागतात, दुकानदारही तोच काढून देते, कारण त्याला गिऱ्हाईक लवकर मोकळं करायचं राहते. तू सांगितलं की पट्टी पाठीवर चढते. म्हणजे घेर सैल आहे. घेर सैल असला की सगळा भार खांद्याच्या पट्ट्यांवर येते, आपण पट्टे अजून ओढून घट्ट करतो, मग वळ. खरा भार खालच्या पट्टीनं उचलायचा असते, खांद्यानं नाही. आणि त्या दादानं तुला वरतून ३८ सांगितलं! घेर अजून सैल, पट्टी अजून वर. वा रे वा.

घरी ब्लाउजच्या मापाचा इंची टेप असेलच. छातीच्या बरोबर खाली, श्वास सोडून, टेप चांगला घट्ट ओढून घे, आरशात पाठीकडून पाह्य की सरळ रेषेत आहे की नाही. हा घेर. विषम आकडा आला तर वरचा सम धर. मग बिना पॅडची ब्रा घालून सगळ्यात भरलेल्या जागेवरून टेप नुसता टेकव, दाबू नको. दोन्हीत जितक्या इंचाचा फरक तो तुझा कप. १ म्हणजे ए, २ बी, ३ सी, ४ डी, ५ डीडी, काही कंपन्या डीडीलाच ई छापतात. कंपनीचा चार्टही पाहून घेशील, काही चार्ट अजून जुन्या पद्धतीचे आहेत, खालच्या मापात ४-५ इंच वरून मिळवतात आणि मग आकडा सांगतात, अर्धा घोळ तिथेच होऊन बसते.

माप काढून इथे टाक मग सांगते.

मनीषनगरवाली
काढलं. खाली ३२, वरून ३७. म्हणजे ३२ डीडी??? दोनदा मोजलं, नवऱ्याला वाटलं पडद्याचं माप घेऊन राहिली. डी म्हणजे लय मोठ्या बायकांचं असते नं?

बर्डी_काउंटर
नाही गं. नुसत्या अक्षराला काही अर्थ नाही, ते घेराबरोबर वाचायचं. ३६ बी, ३४ सी आणि ३२ डी, या तिघींचा कप आतून सारखाच राहते, फक्त घेर कमी-जास्त. म्हणजे तू आजवर कप एक नंबर लहान आणि घेर दोन नंबर मोठा घालत होती.

३२ डीडी साध्या दुकानात मिळणं कठीण. ३४ डी माग, तिचा कप तितकाच, घेर एक नंबर मोठा, तर मधल्या हुकावर लावून पाह्य. घेर तंतोतंत मिळाला असता तर नवी ब्रा सगळ्यात सैल हुकावर बसली पाहिजे असं सांगितलं असतं, कारण इलास्टिक वापरून सैल होणारच, तेव्हा आतले हूक कामी येतात. नवीनच जर आतल्या हुकावर लावायला लागली तर ती घेऊच नये, पैसे पाण्यात.

आता स्टाइल. त्या दादानं तुला पाच नावं एका दमात सांगितली म्हणून डोकं फिरलं, पण ही नावं एका रांगेतली नाहीतच. पॅड आहे की नाही ही एक गोष्ट, वायर आहे की नाही ही दुसरी, आणि किती झाकते ही तिसरी. फुल कव्हरेज म्हणजे नुसतं वरपर्यंत झाकणारी, तिच्यात पॅड असू शकते, नसूही शकते. टी-शर्ट ब्रा म्हणजे साच्यात दाबून बनवलेला बिनशिवणीचा कप, तीही फुल कव्हरेज मिळते. बाल्कनेट वरून आडवी कापलेली, पट्टे एकमेकांपासून दूर दूर. तर एकातून एक निवडायची नाही, तिन्ही प्रश्नांचं उत्तर वेगवेगळं द्यायचं.

तुझ्यासाठी मी म्हणेन रोजच्या ड्रेसवर बिना पॅडची, पण दोन-तीन तुकडे जोडून शिवलेल्या कपाची कॉटन ब्रा. ती शिवण उगीच नसते, तिच्यानंच कपाला उभार आणि आधार येते, भारी छातीला तर ती फोमपेक्षा बरी. आणि ऑफव्हाइट कुर्त्यासाठी एकच टी-शर्ट ब्रा. त्यातही फोमच्या ऐवजी स्पेसर कप मिळाला तर सोनं, ते जाळीसारखं विणलेलं कापड राहते, मधून हवा खेळते, आकार तोच देते पण उकडत नाही. सगळ्या कंपन्या ठेवत नाहीत, विचारावं लागते.

रंगाचं म्हणशील तर पांढऱ्याच्या आत पांढरी दिसतेच, तुझ्या कातडीच्या जवळचा रंग घे. दुकानात स्किन म्हणून जो फिका गुलाबी देतात तो आपल्या कोणाचीच स्किन नाही, थोडा बदामी, मातकट पाह्य.

ब्रालेट_गँग
इतकं गणित?? मी घरून काम करते, ब्रालेट घालते, ती मऊ बिना वायरची, नाहीतर काहीच नाही. सगळ्यात मस्त. बायकांनी उगीच स्वतःला तारेत बांधून घेतलंय.

खामला_काकी
सैल सोडलं तर उतरतं गं नंतर, आमच्या सासूबाई रात्रीसुद्धा काढू देत नसत.

सिस्टर_मेडिकल
काकी, ब्रा घातल्यानं उतरायचं थांबतं असं काही सिद्ध झालेलं नाही. वय, बाळंतपण, वजन वरखाली होणं, कातडीची लवचीकता, यानं ते ठरतं. रात्री काढून झोपलं तरी काही बिघडत नाही आणि सवय असेल तर मऊ, सैल एखादी घालून झोपलं तरी नाही. आणि आता कोणीतरी काळ्या ब्रानं आणि वायरनं कॅन्सर होतो हे टाकेलच, म्हणून आधीच सांगते, होत नाही. अमेरिकेत सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कॅन्सर सेंटरनं २०१४ मध्ये पाळी गेलेल्या बायकांवरचा अभ्यास छापला होता, त्यात किती तास घालता, वायर आहे की नाही, कितव्या वर्षापासून घालता, कशाचाच संबंध सापडला नाही. वायर टोचत असेल तर साइज चुकली आहे, एवढाच त्याचा अर्थ. गाठ लागली तर मात्र ब्राला दोष देत बसू नका, दाखवायला जा.

आता मनीषनगरवालीच्या घामोळ्या. खाली, जिथं कातडीला कातडी घासते तिथंच होत असेल, लाल होऊन चुरचुरत असेल तर ते नुसती घामोळी नसते, घाम साचून कातडी सोलवटते आणि त्यावर बुरशी चढते. अंघोळ झाली की तिथं टॉवेल दाबून पूर्ण कोरडं कर आणि मगच ब्रा घाल, घाईत ओल्यावर चढवली की दिवसभर तेच. शाळेतून आली की पहिले काढून टाक, ती घामाची ब्रा घालून स्वयंपाकाला लागू नको. सुती रुमालाची घडी खाली ठेवली तरी फरक पडतो. आणि कृपा करून मेडिकल स्टोअरमधून ते तीन औषधं मिसळलेलं क्रीम आणू नको, त्यात स्टिरॉइड असते, दोन दिवस बरं वाटते आणि मग जे पसरते ते आवरत नाही, आमच्या ओपीडीत रोज असे पेशंट येऊन राहिले. पुन्हा पुन्हा होत असेल तर शुगर तपासून घे. मेडिकल नाहीतर मेयो, या सरकारी दवाखान्यांच्या स्किन ओपीडीत दाखव, स्वस्तात काम होते.

ब्रालेट_गँग
ओके, ओके. पण भारी छातीच्या बायकांना ब्रालेट जमत नाही हे मान्य, माझ्या बहिणीचं दुखते.

महाल_टेलर
ब्रा कोणतीही घ्या पण साडीवालीनं एक गोष्ट ध्यानात ठेवा, माप देताना तीच ब्रा घालून या!! आमच्याकडं बायका ढिली जुनी ब्रा घालून माप देतात आणि मग फंक्शनला नवीन कोरी पॅडवाली घालून म्हणतात काकू ब्लाउज फिट झालं, हूक लागत नाही, श्वास घेता येत नाही. माझं माप बरोबरच होतं, छाती दीड इंच वर गेली त्याला मी काय करू.

कटोरी ब्लाउज जुन्या शिवणीच्या ब्रावर बेतलेलं असते, तिचा आकार पुढं जरा टोकदार. त्याच ब्लाउजखाली गोल कपाची टी-शर्ट ब्रा घातली की कटोरीच्या टोकाशी कापड रिकामं पडते, तिथं चुणी येते, इस्त्री करूनही जात नाही. गोल कपावर प्रिन्सेस कट छान बसते. म्हणून जुन्या ब्लाउजांसाठी दोन शिवणीच्या ब्रा राहू द्याव्या, सगळ्या बदलून टाकू नये. मिनिमायझरचं पण तसंच, ती छाती कमी नाही करत, पुढचं दाबून बाजूला काखेकडं पसरवते, शर्टाच्या बटनांच्या फटी बंद होतात हे खरं, पण माझं ब्लाउज मुंढ्यात काचते. आणि आजकाल ब्लाउजमध्येच कप टाकून द्या म्हणतात. लग्नापुरतं ठीक, उघड्या पाठीचं असलं तर तेच करावं लागते. शाळेत रोज घालायला नको, कप धुऊन धुऊन आतल्या आत मुडपतो, आणि वरून ब्रा घालाल तर डबल डबल दिसते.

गळा रुंद असेल तर आतून खांद्याला टिच बटनची पट्टी लावून मागा, ब्राचा पट्टा त्यात अडकवला की बाहेर येत नाही. मी पैसे घेत नाही त्याचे.

मनीषनगरवाली
काकू, हे तर कोणी सांगितलंच नव्हतं. माझी सोमवारची सगळी ब्लाउजं कटोरीच आहेत. म्हणजे ड्रेसची वेगळी, साडीची वेगळी. आणि गाडीवर, रोजच्या धक्क्यांना स्पोर्ट्स ब्रा घालू का? घट्ट बसते, पट्टी पण चढत नाही.

फुटाळा_रनर
रोज दिवसभर नको. मी फुटाळ्यावर सकाळी पळते, स्पोर्ट्स ब्राशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नाही, पण पळून आली की आधी ती काढते. बहुतेक स्वस्तातल्या स्पोर्ट्स ब्रा नुसत्या दाबून धरतात, दोन्हीचं मिळून एकच गाठोडं, मध्ये घाम साचतो, कापडही पॉलिस्टर. तुला आधीच रॅश आहे तर शाळेच्या सात तासांना अजिबात नको. डीच्या वर साइज असेल आणि खरंच पळणार असशील तर दोन वेगवेगळे कप असलेली, मागून हूक असलेली हाय इम्पॅक्ट, म्हणजे जोराच्या धक्क्यांसाठीची घे, महाग असते पण दाबण्याऐवजी उचलून धरते. योगासनाला, चालायला लो इम्पॅक्ट चालते. ॲक्टिव्हाचं म्हणशील तर धक्क्यांना साइज बरोबर असलेली साधी ब्रा पुरते, बाकीचं रस्त्यांच्या ठेकेदाराला विचार.

जाता जाता, पहिली स्पोर्ट्स ब्रा १९७७ मध्ये अमेरिकेत व्हरमाँटला तीन बायकांनी मिळून बनवली, पुरुषांचे दोन लंगोटीवजा सपोर्टर उसवून एकमेकांना जोडून. आम्ही पळणाऱ्या बायका त्यांच्या ऋणात आहोत.

जरीपटका_जंक्शन
😂😂 लंगोट जोडून

वर्धा_रोड
मध्येच विचारते, माझ्या आईचा खांदा आखडलाय, हात मागे जात नाही. हूक रोज मी लावून देते, पण मी नसली की ती घालतच नाही आणि बाहेर निघणं टाळते. ७१ वर्षांची आहे. तिला कोणती?

बर्डी_काउंटर
समोरून हूक असलेली, फ्रंट ओपन म्हणून माग. पण कॉटनची, एकाखाली एक चार-पाच हूक असलेली घे, ती प्लास्टिकच्या एका क्लिपवाली नको, म्हाताऱ्या बोटांना ती दाबता येत नाही आणि क्लिपमध्ये सैल-घट्ट करायला जागाही नसते. घेर नीट मोजूनच घेशील, समोरून उघडणारीला मागे हुकांच्या रांगा नसतात. घालताना दुखरा हात आधी पट्ट्यात टाकायचा, काढताना शेवटी. तेही नको वाटलं तर कॉटनची स्लिप मिळते, छातीशी दुहेरी कापड आणि खाली इलास्टिक असलेली. मापात एक नंबर मोठी घेऊन पायातून वर ओढायची, डोक्यावरून नाही. आमच्याकडं कितीतरी आज्या तीच नेत.

वर्धा_रोड
पायातून वर! हे डोक्यातच आलं नव्हतं. थँक्यू.

मनीषनगरवाली
तर माझं असं ठरलं, दोन शिवणीच्या कॉटन ३४ डी, एक टी-शर्ट ब्रा, मिळाली तर स्पेसर. मिनिमायझर कॅन्सल. वायर घेऊ की नको ते अजून कळून नाही राहिलं. आणि यावेळी ट्रायल रूम असलेल्या दुकानात जाते, मॉलमध्ये, जास्त पैसे गेले तर गेले.

बर्डी_काउंटर
कॉटनमध्ये वायर नकोच, रॅश जाईपर्यंत तर मुळीच नको. टी-शर्टवाली मात्र वायरची आणि बिना वायरची दोन्ही घालून पाह्य. वायर छातीच्या भोवती गोल बसली पाहिजे, मांसावर चढायला नको, आणि मधला भाग छातीच्या हाडाला टेकला पाहिजे. अधांतरी राहिला म्हणजे कप लहान.

तो ऑफव्हाइट कुर्ता सोबत घेऊन जा, आत घालून वरून तोच चढव. पुढं वाकून सगळं कपात नीट बसव, काखेकडचं पण आत घे, मग उभी राहून दोन्ही हात वर कर. पट्टी वर सरकली तर घेर सैल. वरून काठाशी फुगवटा येऊन राहिला तर कप लहान. वरून पोकळी दिसली तर लगेच मोठा कप आहे असं धरू नको, बाळंतपणानंतर वरचा भाग रिकामा होतो, साच्याचा कप तिथं भरत नाही, तेव्हा वरून कमी झाकणारी डेमी नाहीतर ती बाल्कनेट घालून पाह्य, ती तुला फुल कव्हरेजपेक्षा बरी बसू शकते. पट्ट्याखाली एक बोट जावं, मागच्या पट्टीखाली दोन, त्याहून जास्त नाही. आणि सेल्सगर्लनं टेप घेऊन मोजायचं म्हटलं तर लाजू नको, मोजू दे.

खामला_काकी
धुण्याचं पण सांगा कोणीतरी. माझी मशीनमध्ये तीन महिन्यांत लोळागोळा होते.

बर्डी_काउंटर
काकी, हातानं, गार पाण्यात. मशीनमध्येच टाकायची तर हूक लावून जाळीच्या पिशवीत टाकायची, नाहीतर ते हूक बाकीच्या कपड्यांत अडकतात. पिळायची नाही, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं. आणि गच्चीवर उन्हात नका टाकू हो, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात इलास्टिक कुरकुरीत होऊन जाते. सावलीत, मधल्या भागावरून दोरीवर टाका, पट्ट्यांनी लटकवली की पट्टे लांबतात. एकच ब्रा लागोपाठ दोन दिवस घालू नये, इलास्टिकला मधात एक दिवस सुट्टी पाहिजे.

मनीषनगरवाली
मग तीन पुरतील का आठवड्याला? सोमवार ते शनिवार शाळा आहे.

बर्डी_काउंटर
उन्हाळ्यात नाही पुरणार, रोज धुवावी लागते. कॉटनच्या तीन घे, टी-शर्टवाली एक. चार.